नवा पंप

सत्तावनच्या उन्हाळ्यात, ऐन नांगरणीत, अच्युतरावांच्या जुन्या ट्रॅक्टरचा, इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप गळू लागला. दर फेरीला ट्रॅक्टरमध्ये पाणी ओतायला त्यांनी बौद्ध वस्तीतल्या कमलेला लावलं आणि त्यासाठी तिला आपल्या विहिरीवर चढू दिलं. संध्याकाळची शेवटची घागर ती घरी न्यायची. तिची लेकरं पहिल्यांदाच पोटभर गोडं पाणी प्यायली.

मग हिंगणघाटच्या मिस्त्रीनं नवा पंप बसवला. ट्रॅक्टर धडधडला, तशी कमलाही हरखली. घागर घेऊन विहिरीकडे वळली.

"आता विहिरीवर चढू नको," अच्युतराव म्हणाले. "बाटते ते."

"मंग इतके दिवस नाई बाटली, मालक?"

"बाटतच होती. पन ट्रॅक्टरले पानी लागत होतं."