इंजिन चालू राहू दे

इंजिन आधी गुरगुरलं, मग उगाचच जोरात पळालं आणि मग एकदम गप्प झालं. दोन बेटांच्या मधोमध होडी नुसती डुलू लागली. होडीत नवरी बसलेली होती.

नवरीचं नाव पेरिना, वय अठ्ठावन्न. समोरच्या बेटावर प्रोश्पर नावाचा एक विधुर कोट घालून चर्चच्या दारात तिची वाट बघत होता. सुकाणूपाशी होता विच्को, तिच्या वारलेल्या नवऱ्याचा, येर्कोचा, धाकटा भाऊ. नवरीनं माहेरची किंवा सासरची, कुठलीही का होईना, पण घरचीच होडी घेऊन जायचं, ही तिकडची रीत. घरची होडी म्हणजे येर्कोची. त्यातलं एका सिलिंडरचं डिझेल इंजिनही त्यानंच बसवलेलं. त्याच्या माघारी ते कोणी फारसं चालवलं नव्हतं. विच्कोला कोणी बोलावलं नव्हतं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो आपणहून धक्क्यावर आला, "मी नेतो" म्हणाला, आणि सुकाणूपाशी जाऊन बसला.

"डिझेल संपलं असेल," पेरिना म्हणाली.

विच्कोनं टाकीवर टिचकी मारली. टाकी भरलेली होती. त्यानं इंजिनावरची पेटी काढली, गाळणी उघडून पाहिली. तीही स्वच्छ. तेवढ्यात पेरिनाचा फोन वाजला.

"काय झालं? तुम्ही मधेच का थांबलात?" प्रोश्पर घाबरून विचारत होता. "मी माझी बोट घेऊन येतो. दोर टाकतो आणि ओढून आणतो."

"खबरदार आलास तर! नवरी आहे मी, जाळ्यातला मासा नाही. आहेस तिथंच उभा राहा."

तिनं फोन ठेवला. प्रवाह होडीला हळूहळू बंदराच्या बाहेरच्या अंगाला नेत होता. पलीकडून घंटा ऐकू येऊ लागली.

"बंद पडायच्या आधी पळालं कसं ऐकलंस ना?" ती म्हणाली. "हवा धरलीय त्यानं, डिझेलच्या नळीत."

विच्कोनं पान्यानं गाळणीवरचा नट ढिला केला आणि डिझेलचा खालचा पंप अंगठ्यानं दाबत राहिला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग नितळ डिझेल. त्यानं नट आवळला, हँडल मारलं. इंजिन लागलं. पेरिनानं टाळी वाजवली, आणि टाळीचा आवाज विरायच्या आत ते पुन्हा बंद पडलं.

"हवा काढून काय उपयोग," विच्को कपाळ पुसत म्हणाला. "येते कुठून ते सापडायला हवं."

पेरिनानं बाह्या वर सारल्या. रेशमी कपड्यांचा घोळ कमरेला खोचला आणि ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. टाकीकडून येणारी रबरी नळी तिनं बोटांनी चाचपली. थेंबभरही गळत नव्हतं. गाळणीवर तिला आवळून धरणाऱ्या शेवटच्या पट्टीपाशी नळी कडक लागली. तिनं ती जराशी वाकवली, तशी बारीकशी चीर ओठांसारखी उघडली.

"ही बघ! बाहेर गळत नाही, आतल्या आत हवा ओढतेय."

विच्कोनं खिशातला चाकू काढून चिरलेलं टोक कापून टाकलं. आता नळी बोटभर आखूड पडली. ओढून पाहिली, पुरेना. मग त्यानं गाळणीचे बोल्ट सैल केले, पेरिनानं ती दोन्ही हातांनी अलीकडे रेटून धरली, आणि नळी कशीबशी गाळणीच्या तोंडावर बसली. पट्टी आवळताना दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"वहिनी, लागलं?" तो म्हणाला, आणि लगेच थबकला. पाना तसाच हातात धरून त्यानं विचारलं, "आजपासून काय म्हणायचं तुला?"

"वहिनीच म्हण. नवरा बदलतेय, दीर नाही."

विच्कोनं पाना खाली ठेवला. मग मोठ्यानं हसला. कित्येक दिवसांत तो असा हसला नव्हता. हसता हसता त्यानं डोळे पुसले, तर काळं तेल गालभर पसरलं.

पुन्हा हवा काढून झाली. विच्कोनं हँडल धरलं, पण एकदा मारूनच खांदा धरून तो मागे बसला.

"सरक," पेरिना म्हणाली. "तू वरचा खटका दाबून धर, म्हणजे चाक फिरेल. सांगेन तेव्हा सोड."

तिनं हँडल फिरवायला घेतलं. जड चाक आधी कुरकुरलं, मग घुमायला लागलं. केसांतली फुलं सुटून पाण्यात गेली.

"सोड!"

काळ्या धुराचा एक लोट उठला. धुक. धुक. मग धुकधुकधुक. पेरिना उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून तिनं अशी आरोळी ठोकली, की पलीकडच्या धक्क्यावर जमलेल्या लोकांनी उलट आरोळी दिली.

प्रोश्परनं हात देऊन तिला धक्क्यावर घेतलं. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. त्यानं ते सोडलेच नाहीत. विच्को इंजिन बंद करायला वाकला, तशी ती ओरडली, "अरे, हात लावू नकोस त्याला! परत नाही लागलं तर आम्ही घरी कसे जाणार?"

म्हणून ते तसंच चालू राहिलं. चर्च धक्क्यालगतच होतं, आणि उकाड्यामुळे दार सताड उघडं होतं. बाहेरच्या धुकधुकीवर पाद्री लोव्रेंना आवाज चढवावा लागला. त्यांनी पेरिनाला विचारायचं ते विचारलं.

नेमका तेव्हाच बाहेर इंजिनाचा एक ठोका चुकला.

पाद्री थांबले. प्रोश्परनं श्वास रोखला. अख्खं चर्च माना वळवून दाराकडे बघू लागलं.

धुक. धुक. धुकधुकधुक.

"हो," पेरिना म्हणाली.