तोफेचा बूट

“बूट काढ,” कोच म्हणाला.

पारा बाकावरून हलला नाही. या डाव्या बाजूच्या विंगरला टीममध्ये सगळे पाराच म्हणायचे. चेंडू घेऊन निघाला की कुणाच्या हाती लागत नसे. आता मात्र तो बुटाची नाडी मुठीत घट्ट धरून बसला होता.

“राहू द्या ना, कोच. काढला तर परत चढणार नाही.”

कोचच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वर स्टँड भरत होता, पावलांचा धडधडाट ड्रेसिंग रूमच्या छतातून खाली येत होता. फायनलला सव्वा तास उरला होता. अकरा नावांची यादी पंधरा मिनिटांत रेफरीकडे जायला हवी होती आणि क्लबचे सेक्रेटरी ती हातात घेऊन उभे होते. पाराचं नाव त्यांनीच घालून आणलं होतं, खाली फक्त कोचची सही व्हायची होती. कोपऱ्यात डॉक्टर मूग गिळून इंजेक्शन भरत होते.

“घोटा सुजलाय, मलाही दिसतंय,” सेक्रेटरी म्हणाले. “म्हणून तर डॉक्टरांना बोलावलं. एक सुई, नव्वद मिनिटं. मग घेऊ दे की आराम, हवा तेवढा.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. सेक्रेटरीसाहेबांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता.

“आत लिगामेंट फाटलंय. कालच रिपोर्ट आलाय,” कोच म्हणाला. “सुईने दुखायचं थांबतं, फाटलेलं शिवलं जात नाही. विचारा डॉक्टरांना.”

डॉक्टरांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्या मानेलाच ठाऊक.

“मी खेळतो, कोच,” पारा म्हणाला. “आज सासरे आलेत बघायला. नऊ वर्षं झाली लग्नाला, जावई पोटापाण्यासाठी नक्की काय करतो ते अजून त्यांना कळलेलं नाही.”

एरवी यावर सगळे हसले असते.

सेक्रेटरींना तेवढंच निमित्त पुरलं. ते समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या फोटोपाशी गेले. अठरा वर्षांपूर्वीची फायनल होती ती. चौघांच्या खांद्यांवर आताचा कोच, दोन्ही हात वर, तोंड उघडं, उजव्या पायात नुसता मोजा.

“हे बघ, ही तुझ्या कोचची फायनल. तोफ म्हणायचे लोक यांना. घोटा यांचाही दुखत होता, पण नाही म्हणाले का? जिंकले, आणि पायातला बूट काढून दिला लोकांत भिरकावून! अजून चार जण सांगतात, तो बूट आमच्या घरी आहे म्हणून. याला म्हणतात खेळाडू. काय तोफसाहेब?”

अठरा वर्षं कोच ही गोष्ट ऐकत आला होता. खरं सांगायचं तर सांगतही आला होता. शाळांच्या बक्षीस समारंभात तो हात मागे नेऊन बूट फेकून दाखवायचा आणि टाळ्यांनी हॉल दणाणून जायचा. कोचची ही नोकरीसुद्धा त्या बुटानेच मिळवून दिली होती. त्याला सेक्रेटरींचा संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

“फेकला नव्हता,” तो म्हणाला.

“काय?”

“बूट. फेकला नव्हता मी. निघतच नव्हता तो, इतका पाय सुजला होता. शिट्टी वाजल्यावर मालिशवाल्याने मैदानाच्या कडेला कात्रीने कापून काढला. आणि खांद्यावर घेतलं ते मला पाय टेकवता येत नव्हता म्हणून. तोंड बघा ना माझं नीट. हसतोय का मी? बोंबलतोय!”

सगळी टीम फोटोकडे बघायला लागली. पाराही.

“जाऊ द्या हो, झालं गेलं,” सेक्रेटरी घड्याळ बघत म्हणाले. “सही करा. करायची नसेल तर तसं सांगा. उद्या दुसरा कोच मिळेल आम्हाला.”

“मिळेल की. माझ्या वेळच्या सेक्रेटरींनाही अशीच घाई होती. तुमचं काय जातंय? नव्वद मिनिटं तुमची, पुढची चाळीस वर्षं त्याची!”

कोचने यादी ओढून घेतली. पाराच्या नावावर काट मारली, शेजारी राखीव विंगरचं नाव लिहिलं आणि सही केली. सेक्रेटरींनी कागद हिसकावला आणि दार आपटून ते निघून गेले.

कोचला वाटलं, पारा आता काहीतरी बरं बोलेल. पारा लाल डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होता.

“माझी फायनल होती ती,” तो म्हणाला. “तुमचा निदान फोटो तरी लागला.”

बाकाला धरून, दुखरा उजवा पाय बाजूला लांब सोडून कोच हळूहळू जमिनीवर बसला. त्याने पाराच्या मुठीतून नाडी सोडवली, गाठ उकलली, टाच धरली आणि ओढून पाहिलं. पाराने दात आवळले. बूट तसूभर हलला नाही.

डॉक्टर भरलेली सुई हातात घेऊन अजून तिथेच उभे होते.

“डॉक्टर, सुई ठेवा ती,” कोच म्हणाला. “कात्री द्या.”