चौघींचं ताट

तांब्याची झारी माझ्यासमोर आली, तेव्हा हात धुवायला मला हातमोजे काढावेच लागले.

श्रीनगरला शाइस्ताच्या घरी मी पहिल्यांदाच आले होते. पुण्यात हॉस्टेलवर ती माझ्याच खोलीत राहायची. माझ्या बोटांवरचं कोड तिच्या सवयीचं होतं. इथे मात्र भाताचं परातीएवढं एकच ताट होतं आणि त्यात चौघींनी जेवायचं होतं. ती, तिची आई, म्हातारी आत्या आणि मी.

"मला वेगळं ताट द्याल? आमच्यात उष्टं चालत नाही," मी खोटंच सांगितलं. खरं तर घरी काकूच माझं ताट वेगळं ठेवते.

"आमच्यात वेगळं वाढत नाहीत गं," शाइस्ता हसली.

आत्या माझ्या पांढऱ्या बोटांकडे टक लावून बघत होत्या. अर्धा खाल्लेला कबाब भातावर ठेवून मी मान खाली घातली. आता त्या उठणार.

त्यांचा हात माझ्या बाजूला आला. "खात नाहीस? मग मी घेते," म्हणत त्यांनी माझा अर्धा कबाब उचलून तोंडात टाकला.

आई गेल्यापासून माझं उष्टं कुणी खाल्लं नव्हतं. दुसरा कबाब मी मुद्दाम अर्धाच खाल्ला.