शाकाहारी माणसाचा डेप्थ फाइंडर

प्रतापने डेप्थ फाइंडरच्या पाठीत एक चापट घातली. पडदा कोराच राहिला.

"शैल्या, डबडं आणलंस यार," तो म्हणाला. "टोमॅटोचं सार पिणारी माणसं तुम्ही. पाण्यातले मासे शोधायचं मशीन घ्यायला तुला सांगितलं कोणी?"

"ऑफिसातले सगळे फिशिंगला जातात," शैलेंद्र म्हणाला. "आणि जरा हळू. स्क्रीनवरचं प्लॅस्टिक काढू नकोस."

दोघे मित्र गोठलेल्या सेंट क्लेअर तळ्यावर उकिडवे बसले होते. मागे घडीच्या खुर्चीत शैलेंद्रची बायको विनीता, दोन जॅकेटं चढवून, चहाचा थर्मास मांडीत घेऊन बसली होती. तिचं लक्ष माशांत नव्हतंच. उद्या सकाळी एक फोन करायचा आणि परीक्षा कॅन्सल करून टाकायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

नागपुरात ती सोनोग्राफीची डॉक्टर होती. तिच्या दारात बायकांची रांग लागायची. मग लग्न झालं, इथे अमेरिकेत ट्रॉयला आली, डिपेंडंट व्हिसावर घरी बसली, ईशान झाला. ग्रीन कार्ड आल्यावर शैलेंद्रने हौसेने तिला इथल्या सोनोग्राफीच्या परीक्षेला बसायला लावलं. पुस्तकं तिला तोंडपाठ होती. भीती वेगळीच होती. इतक्या वर्षांत पडद्याकडे पाहिलेलं नाही, आता त्यातलं आपल्याला काही कळणार नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. "माझी नजर गेली रे," असं ती गेल्या आठवड्यात म्हणाली, तेव्हा शैलेंद्रने वादसुद्धा घातला नाही. त्याचं तिला जास्त वाईट वाटलं होतं.

प्रतापने मशीनचा गोल डोळा पुन्हा कोरड्या बर्फावर दाबला. आता मात्र विनीताला राहवेना.

"भाऊजी, मध्ये हवा राहतेय. आवाजाच्या लहरी खाली पोचतच नाहीत. असं काही दिसायचं नाही."

तिने भुसभुशीत बर्फ हाताने बाजूला केला, खालच्या टणक बर्फावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि त्या ओलाव्यात मशीनचा डोळा टेकवून किंचित तिरपा केला. पोटाला जेली लावून प्रोब ठेवायची, अगदी तसा. पडद्यावर तळाची जाड काळी रेघ उमटली.

"पाणी बारा फूट, आणि मासा एकही नाही," प्रताप म्हणाला. "चला, दुसरीकडे बघू."

"थांबा जरा."

परत येणारा प्रतिध्वनी कमीजास्त ठळक करायचं हे गेनचं बटण तिच्या जुन्या सोनोग्राफी मशीनवरही होतं. तिने ते हळूहळू कमी केलं. जाड रेघ पातळ होत गेली आणि तिच्यातून बारीक बारीक रेघा सुट्या झाल्या.

"हे सगळं शेवाळ," विनीता म्हणाली. "आणि हे मासे. तळाला चिकटून बसलेत. मधला मोठा आहे, आत्ताच हलला. इथेच पाडा भोक."

प्रतापने गिरमिट चालवलं, गळ सोडला. चहा निवायच्या आत एक पिवळा पट्टेरी पर्च मासा बर्फावर तडफडत होता. मूळचा रत्नागिरीचा, माशांवर वाढलेला प्रताप; त्याचा चेहरा असा खुलला की बघत राहावं.

"वहिनी, मानलं तुम्हाला. आता एवढं दिसतंय, तर पुढचा नर की मादी तेही सांगून टाका."

"ते इथे सांगितलं जात नाही," विनीता पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

नागपुरात खोलीत डोकावणाऱ्या प्रत्येक सासूला ती याच कोरड्या, ठाम आवाजात ऐकवायची. स्वतःचाच तो आवाज ऐकून ती चपापली. मग तिला हसू आवरेना. किती दिवसांनी तिला असं मोकळं वाटत होतं. नंतर दुपारभर तिने मशीन कोणाच्या हाती दिलं नाही.

परतताना सगळे मासे प्रताप घेऊन गेला. शैलेंद्रने मशीन पुसून कोरडं केलं, मूळच्या खोक्यात नीट बसवलं आणि गाडीत मागच्या सीटवर ठेवलं.

"उद्या मी परीक्षा कॅन्सल करत नाहीये," गाडी सुरू झाल्यावर विनीता म्हणाली.

"बरं."

"आणि हे मशीन घरात ठेवायचं कुठे? आपण तर मासे खातही नाही."

"घरी कशाला न्यायचं?" शैलेंद्रने गाडी दुकानाच्या रस्त्याला वळवली. "परत देऊन टाकू. त्याचं काम झालं."