जिल्ह्याचे डॉक्टर

“मावशी, डॉक्टर जिल्ह्याला बसून बघतायत तुम्हाला. जीभ काढा,” नर्सबाई म्हणाल्या. केराबाईंनी सरकारी दवाखान्यातल्या नव्याकोऱ्या पडद्याला जीभ दाखवली. हा पडदा आल्यापासून हाडामांसाचा डॉक्टर गावात कुणाच्या दृष्टीस पडला नव्हता.

“पोटात दुखतंय. जरा दाबून बघा की!”

“इतक्या लांबून हात कसा पोचणार, आजी?” पडद्यातले डॉक्टर हसले.

तेवढ्यात खिडकीबाहेर कुंभाराचं गाढव ओरडलं. पाठोपाठ पडद्यातूनही तेच गाढव, त्याच सुरात ओरडलं.

केराबाईंनी पदर खोचला आणि दवाखान्याला वळसा घालून मागच्या क्वार्टरचं दार ढकललं. मोबाइलपुढे डॉक्टर बसले होते. वर पांढरा कोट, खाली लुंगी.

“आले बघा चालत जिल्ह्याला,” त्यांच्याच खाटेवर आडव्या होत केराबाई म्हणाल्या. “आता तरी पोचंल का हात?”