निळी कपची

आम्ही सगळे ड्रॅगन उबवणीच्या खोलीत शेपट्या आवरून बसलो होतो. माझ्या दोन अंड्यांपैकी पिवळ्यातून पिल्लू बाहेर आलं होतं. निळं मात्र फुटून थंडगार पडलं होतं. सासूबाईंनी ते हुंगलं. “टरफलं आत पडलीत. कुणीतरी बाहेरून फोडलंय.” अंडं फोडणाऱ्याचे पंख कापायचे, ही आमची रीत. सगळ्यांचे डोळे थोरल्या जाऊबाईंकडे वळले. ऊब द्यायची पाळी त्यांची होती आणि त्यांनी आजवर एकही अंडं घातलं नव्हतं. “मी फक्त पाणी प्यायला गेले होते गं,” त्या रडकुंडीला आल्या. मला पहिल्यापासून त्यांचाच संशय होता. मी पिल्लाला जवळ घेऊन चाटू लागले. त्याच्या नाकावरच्या, टरफल फोडायच्या इवल्या शिंगाला निळी कपची चिकटली होती. मी ती गिळली आणि मान वर केली. “जाऊबाई, पाणी प्यायला एवढा वेळ लागतो?”