निवडचष्मा

हेमांगी साडी नेसून बघायला आत गेली, तसा विश्रामने तिचा निवडचष्मा उचलला. दुकानात शिरतानाच साड्यांच्या जोड्या दाखवून निवड करायला लावत आणि त्या वेळी गिऱ्हाइकाची नजर कुठे जाते ते टिपत. मग जिकडे त्याचं लक्षच नसे, ते सगळं हा चष्मा धुक्यात बुडवून टाकी.

विश्रामला साड्यांशी काही कर्तव्य नव्हतं. तासभर हेमांगीशी हसून हसून बोलणारा सेल्समन काणेकर त्याच्या डोळ्यांत खुपत होता. आज सोक्षमोक्षच लावायचा!

त्याने चष्मा चढवला. किमती धूसर, रंग धूसर, काठपदरही धूसर. आणि काणेकर? नुसता पांढरा ढग! विश्रामच्या जिवात जीव आला.

"मग एवढा वेळ ही बघत काय होती?" असं पुटपुटत तो वळला, तर समोर आरसा.

आरशात त्याचे डोळे, नाक, मिशा सगळं धुक्यात विरलं होतं. कपाळावरच्या दोन आठ्या तेवढ्या लख्ख दिसत होत्या.

"अहो," मागून हेमांगीने भीतभीत विचारलं, "ही घेऊ का?"